देणगी दरमहा द्या : व्यापारी आणि उद्योजक संघटनांना खुले पत्र

प्रति,
व्यापारी व उद्योजक संघटनांचे पदाधिकारी आणि सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

चालता न येणाऱ्या मुलांसाठी उपचारकेंद्र चालवणाऱ्या एका छोट्या सेवाभावी संस्थेचा मी अकरा वर्षे खजिनदार होतो. दिवसा नोकरी करायची आणि संध्याकाळी संस्थेचा जमाखर्च लिहायचा, असा माझा नेम होता. आपल्यासारख्या व्यावसायिकांनी त्या काळात आम्हाला किती दिले आणि कसे दिले, या दोन्ही गोष्टींची नोंद माझ्या हाताने झाली आहे. किती दिले याविषयी माझी काहीच तक्रार नाही. उलट अनेकांनी ऐपतीपेक्षा जास्त दिले. कसे दिले, याविषयी मात्र मला आपल्याशी सविस्तर बोलायचे आहे. एकेका मालकाला गाठून बोलण्याऐवजी मी संघटनांना लिहीत आहे, कारण मी जे मागणार आहे ते एकट्यादुकट्याने करण्यापेक्षा मिळून करणे पुष्कळ सोपे आहे.

नवे आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी मी पुढच्या बारा महिन्यांचे अंदाजपत्रक एका वहीत मांडत असे. खर्चाची बाजू शाईने लिहायची, कारण पगार, जागेचे भाडे, वीज, विमा, मुलांना घेऊन येणाऱ्या गाडीचा खर्च हे सारे ठरलेले असे आणि त्यात एका दिवसाचीही सवलत मिळत नसे. जमेची बाजू पेन्सिलने लिहायची आणि रक्कम प्रत्यक्ष खात्यात आली की मगच तिच्यावर शाई फिरवायची. अकरा वर्षांत जमेच्या बाजूची एकच ओळ मला वर्ष सुरू होण्याआधी शाईने लिहिता आली. पुठ्ठ्याची खोकी तयार करणाऱ्या एका लहान कारखान्याकडून दर महिन्याच्या ५ तारखेला ठरावीक रक्कम येत असे. मालकांनी बँकेला एकदा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देऊन ठेवली होती आणि त्यानंतर ना त्यांना आठवण करून द्यावी लागली, ना आम्हाला त्यांच्या दारात जावे लागले. वर्षभराची बेरीज केली तर आमच्या देणगीदारांच्या यादीत हा कारखाना आठवा-नववा असे. पण संस्था कोणाच्या जोरावर उभी आहे असे मला कोणी विचारले असते, तर मी आधी त्याच कारखान्याचे नाव घेतले असते. फिजिओथेरपिस्टच्या पगाराचा जवळजवळ निम्मा भाग त्या एका ओळीतून निघत असे, आणि निम्म्याची खात्री असल्यामुळे उरलेल्या निम्म्याची जोखीम पत्करून आम्ही माणूस नेमू शकत होतो.

याच्या उलट अनुभवही सांगितला पाहिजे. एका वर्षी आर्थिक वर्ष संपायला दहा-बारा दिवस उरलेले असताना एका मोठ्या कंपनीने आम्हाला, आमच्या सहा महिन्यांच्या एकूण खर्चापेक्षा जास्त रक्कम देऊ केली. अट एवढीच होती की सगळी रक्कम उपकरणांवर आणि तीही वर्ष संपायच्या आत खर्च व्हावी. देणाऱ्यांच्या हेतूविषयी माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. आम्ही व्हीलचेअर घेतल्या, मुलांना आधाराने उभे करायच्या चौकटी घेतल्या, व्यायामाची साधने घेतली. पुढच्या सहा महिन्यांत मात्र पगाराला पैसे कमी पडले, दोन महिन्यांचा पगार थकला, आणि आमची फिजिओथेरपिस्ट, जिला स्वतःचे घर चालवायचे होते, नाइलाजाने दुसरीकडे गेली. उपचाराच्या खोलीला कुलूप लागले. त्या कुलपाची किल्ली माझ्याकडे असे. महिन्यातून एकदा मी खोली उघडून बघत असे, तर प्लास्टिकचे वेष्टणही न काढलेल्या चार व्हीलचेअर भिंतीशी एका रांगेत उभ्या असत.

त्या खोलीत दोन समांतर दांड्यांच्या मध्ये सात वर्षांचा एक मुलगा आधाराने चार पावले टाकू लागला होता. नवी फिजिओथेरपिस्ट मिळेपर्यंत चार महिने गेले. अशा मुलांचे स्नायू रोज ताणले गेले नाहीत तर आखडतात; त्याच्या गुडघ्यांमागचे स्नायू आखडले आणि पाय सरळ करणेच अवघड होऊन बसले. चार पावलांपर्यंत परत पोहोचायला त्याला सव्वा वर्ष लागले. त्या वर्षाच्या ताळेबंदात देणग्यांचा आकडा आमच्या इतिहासातला सर्वात मोठा होता. लेखापरीक्षकांनी त्याबद्दल आमचे अभिनंदनही केले होते.

हे मी आपल्याला का सांगतो आहे, ते आपल्याला सांगायची खरे तर गरज नाही. खेळते भांडवल म्हणजे काय, हे व्यवसाय करणाऱ्या माणसाइतके कोणालाच कळत नाही. वर्षाची उलाढाल चांगली असूनही महिन्याच्या शेवटी पगाराला पैसे नाहीत म्हणून बंद पडलेले धंदे आपण सर्वांनी पाहिले आहेत. गिऱ्हाईक वर्षातून एकदा येईल, कधी येईल ते सांगणार नाही, पुढच्या वर्षी येईलच असे नाही, आणि आला तर दिलेले पैसे कशावर खर्च करायचे ते तोच ठरवेल, अशा भरवशावर आपल्यापैकी कोणीही कारखाना चालवणार नाही. स्थानिक संस्था मात्र नेमक्या याच परिस्थितीत चालतात. त्यांचा बहुतेक खर्च माणसांवर होतो आणि माणसांना दरमहा पगार द्यावा लागतो. उत्पन्न मात्र लहरीप्रमाणे येते. मग संस्था कायम नेमणुका टाळते आणि तात्पुरत्या मानधनावर माणसे ठेवते, जागेचा दीर्घ मुदतीचा करार करत नाही, नव्या मुलाला किंवा नव्या वृद्धाला दाखल करून घेताना दहादा विचार करते. कार्यकर्त्यांचा जो वेळ कामात जायला हवा, तो पुढच्या महिन्याच्या तोंडमिळवणीत जातो. मी स्वतः खजिनदार म्हणून खर्च केलेल्या तासांपैकी निम्म्याहून अधिक तास हिशेब लिहिण्यात गेले नाहीत. ते पैसे कुठून येतील याची फोनवरून चौकशी करण्यात गेले.

तेव्हा माझी मुख्य विनंती अशी की देणगी हा खर्चाचा एक नियमित भाग समजावा. वर्षअखेरीला नफा पाहून, कोणी मागायला आले तर, मन होईल तसे द्यायची रक्कम असे तिचे स्वरूप राहू नये. भाडे आणि वीजबिल यांच्या शेजारी तिची एक ओळ असावी, ती दरमहा ठरलेल्या तारखेला आपोआप जावी, आणि निदान तीन वर्षे जाईल असे आपण संस्थेला लेखी कळवावे. वर्षाला जेवढे देता त्याहून एक पैसाही जास्त द्या असे मी म्हणत नाही. तेवढीच रक्कम बारा हप्त्यांत आणि आधी सांगून दिली, तरी तिचे मोल बदलते.

ही रक्कम कशाच्या प्रमाणात ठरवावी, यावर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे प्रयोग झाले आहेत आणि त्यांतून शिकण्यासारखे बरेच आहे. अमेरिकेतील डेटन या दुकानदार कंपनीने, जिच्यातून पुढे टार्गेट ही कंपनी उभी राहिली, १९४६ पासून करपूर्व नफ्याच्या ५ टक्के रक्कम समाजकार्याला देण्याचा नियम केला. १९७६ मध्ये मिनियापोलिस शहराच्या व्यापारी संघटनेने याच प्रमाणाचा पुरस्कार करून, तेवढे देणाऱ्या कंपन्यांचे एक मंडळच स्थापन केले. हे उदाहरण मी मुद्दाम देत आहे, कारण तिथे पुढाकार सरकारने किंवा एखाद्या दानशूर व्यक्तीने घेतला नव्हता. व्यापारी संघटनेने घेतला होता. दुसरा प्रयोग पॅटागोनिया या कपडे बनवणाऱ्या कंपनीचा. तिने १९८५ पासून विक्रीच्या १ टक्का रक्कम पर्यावरणाच्या कामाला देण्यास सुरुवात केली आणि तिचे संस्थापक इव्हॉन शुईनार्ड यांनी क्रेग मॅथ्यूज यांच्यासह २००२ मध्ये हाच नियम पाळणाऱ्या व्यवसायांची संघटना सुरू केली. इथे नफ्याऐवजी विक्री धरण्यामागे मोठा विचार आहे. नफा कमी दाखवता येतो, एखाद्या वर्षी तो खरोखरच होत नाही. विक्री असेल तोवर देणगी जातच राहते. तिसरा मार्ग सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीने १९९९ मध्ये स्थापनेच्या वेळीच स्वीकारला : समभागांचा १ टक्का, उत्पादनाचा १ टक्का आणि कर्मचाऱ्यांच्या वेळेचा १ टक्का. व्यवसाय लहान असतानाच नियम केला की तो जाचत नाही, कारण सुरुवातीला १ टक्का म्हणजे फारच थोडे असते आणि पुढे वाढत गेले तरी अंगवळणी पडलेले असते.

माझे मत विचाराल तर लहान आणि मध्यम व्यवसायांनी विक्रीची टक्केवारी धरू नये. ज्या धंद्यात शेकडा दोन-तीनच सुटतात तिथे विक्रीच्या १ टक्का म्हणजे नफ्याचा निम्मा किंवा तिसरा हिस्सा होतो आणि असा नियम दुसऱ्या वर्षी मोडतो. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यावरून रक्कम काढावी, तिचे बारा भाग करावेत आणि वर्षातून एकदाच तिचा फेरविचार करावा. सरासरी घेतल्याने एखाद्या वाईट वर्षाचा धक्का संस्थेपर्यंत हळूहळू पोहोचतो आणि तिला सावरायला वेळ मिळतो. भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ मध्येही हीच पद्धत आहे : ज्या कंपन्यांना ते लागू होते त्यांनी लगतच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी, आणि कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे त्यात म्हटले आहे. मात्र हे कलम लागू व्हायला नक्त मालमत्ता ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एक तरी मर्यादा गाठावी लागते. कोणत्याही संघटनेच्या बहुसंख्य सभासदांचे व्यवसाय अशा मर्यादांच्या खूप खाली असतात. कायदा आपल्याला लागू नाही, म्हणून आपण काही ठरवायचे नाही, असा अर्थ त्यातून काढला जाऊ नये.

भागधारक असलेल्या कंपन्यांमध्ये एक वेगळा प्रश्न विचारला जातो, की दुसऱ्यांच्या पैशातून देणगी देण्याचा व्यवस्थापनाला अधिकार काय. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर न्यायालयात शोधले गेले आहे. न्यू जर्सीतील ए. पी. स्मिथ ही व्हॉल्व्ह आणि अग्निशमनाचे नळखांब बनवणारी कंपनी. तिने प्रिन्स्टन विद्यापीठाला १,५०० डॉलर देण्याचा ठराव केला, काही भागधारकांनी हरकत घेतली, आणि १९५३ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. ज्या समाजाच्या आधारावर व्यवसाय चालतो त्या समाजाच्या संस्था टिकणे हे व्यवसायाच्याही दीर्घकालीन हिताचे आहे, हा त्या निकालामागचा विचार होता. तरीही मी म्हणेन की भागधारकांच्या किंवा भागीदारांच्या सभेत रक्कम आणि मुदत यांचा रीतसर ठराव करून घ्यावा. ठराव झालेली देणगी मालक बदलला, व्यवस्थापक बदलला तरी चालू राहते. एका माणसाच्या मर्जीवर चाललेली देणगी त्या माणसाबरोबर जाते. हे आमच्याही वाट्याला दोनदा आले.

आता अटींविषयी. देणगी कशासाठी वापरावी हे ठरवण्याचा देणाऱ्याला हक्क आहे, यात वाद नाही. पण पगार, भाडे आणि हिशेबनीस यांना पैसे द्यायचे नाहीत, फक्त 'प्रत्यक्ष कामाला' द्यायचे, ही अट जवळजवळ प्रत्येक देणगीपत्रात असते आणि ती संस्थेला हळूहळू पोखरते. आमच्या केंद्रात फिजिओथेरपिस्टचे दोन हात हेच प्रत्यक्ष काम होते, तरी कागदावर ते 'आस्थापना खर्च' या सदरात जात होते. संस्थांची माहिती संकलित करणाऱ्या आणि त्यांचे मूल्यमापन करणाऱ्या तीन अमेरिकी संघटनांच्या प्रमुखांनी २०१३ मध्ये तिथल्या देणगीदारांना एक खुले पत्र लिहिले होते. प्रशासकीय खर्चाचे प्रमाण हा संस्थेची गुणवत्ता मोजण्याचा चुकीचा मापदंड आहे, असे त्यांनी त्यात स्पष्टपणे सांगितले. ज्या संघटनांच्या माहितीवरून लोक वर्षानुवर्षे हे प्रमाण तपासत होते, त्यांनीच हे सांगावे याला महत्त्व आहे. आपण पुरवठादाराकडून माल घेताना त्याच्या कार्यालयाचे भाडे किती आहे ते विचारत नाही. माल चांगला आहे का आणि वेळेवर येतो का, ते पाहतो. संस्थेलाही हीच कसोटी लावावी. सगळी रक्कम विनाअट देणे जमत नसेल तर निम्मी तरी विनाअट द्यावी.

देणगी थांबवण्याचाही आपल्याला पूर्ण हक्क आहे. मंदी येते, मोठे गिऱ्हाईक हातचे जाते, यंत्र बिघडते. अशा वेळी आधी आपला कामगार आणि मग संस्था, हाच क्रम योग्य आहे. माझी विनंती दोन गोष्टींपुरती आहे. थांबवायची असेल तर सहा महिने आधी कळवावे, आणि एकदम बंद करण्याआधी निम्मी करून पाहावी. सहा महिन्यांत संस्था दुसरा देणगीदार शोधू शकते, नवे प्रवेश थांबवू शकते, माणसांना पूर्वसूचना देऊ शकते. ज्या खोलीचा उल्लेख मी वर केला, तिला कुलूप लागण्याआधी आम्हाला असे सहा महिने मिळाले असते तर कदाचित कुलूप लागलेच नसते.

कर्मचाऱ्यांना सहभागी करून घ्यायचे असेल तर वेतनातून कपात हा सर्वात सोपा मार्ग आहे. ब्रिटनमध्ये १९८७ पासून तशी रीतसर सोय आहे. कर्मचारी सांगेल ती रक्कम पगारातून करआकारणीच्या आधी वजा होते आणि त्याने निवडलेल्या संस्थेला जाते. आपल्या वेतनपत्रकात असा एक रकाना वाढवायला फारसा खर्च येत नाही. कर्मचारी जेवढे देतील तेवढीच भर कंपनीने घालावी, म्हणजे दोघांनाही हुरूप राहतो. यात सक्तीचा वास मात्र येता कामा नये. कोणी दिले आणि कोणी दिले नाही याची यादी साहेबांच्या टेबलावर गेली, की ती देणगी उरत नाही. नाव फक्त वेतन विभागाला ठाऊक असावे.

वेळ देण्याविषयीही थोडे. वर्षातून एक दिवस तीस-चाळीस कर्मचारी येऊन केंद्राच्या भिंती रंगवतात तेव्हा मुलांना आनंद होतो, आणि त्या दिवसाचे मोल मी कमी लेखत नाही. पण आमच्या भिंती दोन वर्षांत तीनदा रंगल्या, आणि त्याच दोन वर्षांत गाडीच्या विम्याचा दावा भरायला, भाडेकरार वाचून द्यायला, संगणकातली माहिती सुरक्षित ठेवायला आम्हाला माणूस मिळत नव्हता. आपल्या लेखा विभागातल्या एका माणसाने महिन्यातून दोन तास, तेही नेमाने, एखाद्या संस्थेला दिले तर त्या संस्थेचा ताळेबंद वेळेवर होतो, आणि ताळेबंद वेळेवर झाला की तिला इतर ठिकाणी अर्ज करता येतात. येण्याआधी काय हवे आहे ते विचारावे, एवढेच मागणे आहे.

कोणत्या संस्थेला द्यावे, हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि इथेच संघटनांची खरी गरज आहे. लहान व्यावसायिकाला संस्थेची चौकशी करायला सवड नसते. फसवले जाण्याची भीती त्याला असते, आणि ती अनाठायी नाही. क्लीव्हलँड शहराच्या व्यापारी संघटनेने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीलाच एक समिती नेमून शहरातल्या सेवाभावी संस्थांची तपासणी सुरू केली आणि ज्या संस्था योग्य ठरतील त्यांची शिफारस सभासदांना करू लागली. त्यातूनच १९१३ मध्ये अनेक संस्थांसाठी मिळून एकत्र वर्गणी गोळा करण्याची व्यवस्था उभी राहिली, आणि १९१४ मध्ये त्याच शहरात फ्रेडरिक गॉफ या बँकेच्या अध्यक्षांनी शहरापुरता कायमस्वरूपी सामाजिक निधी स्थापन केला. या दोन्ही कल्पनांचे अनुकरण पुढे जगभर झाले.

आपणही संघटनेच्या पाच सभासदांची एक समिती नेमू शकता. तिने संस्थेची नोंदणी, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, विश्वस्तांची नावे आणि त्यांचे आपापसातले नाते तपासावे. त्याबरोबर एखाद्या साध्या दिवशी, समारंभ नसताना, केंद्राला भेट द्यावी. हिशेबाच्या कागदांतून जे कळत नाही ते अर्ध्या तासाच्या भेटीत कळते : कर्मचारी किती वर्षे टिकले आहेत, हजेरीपट भरलेला आहे की नाही, येणाऱ्या माणसांना कामाची माणसे नावाने ओळखतात का. समितीने निवडलेल्या सात-आठ संस्थांसाठी संघटनेचे एक समाईक खाते असावे, सभासदांनी आपापली मासिक रक्कम त्यात भरावी, आणि तिथून ती ठरलेल्या प्रमाणात दर महिन्याला जावी. एका सभासदाने हात आखडता घेतला तरी बाकीच्यांच्या रकमेमुळे संस्थेचा महिना चुकत नाही. शिवाय ज्याला महिन्याला अगदी थोडेच देणे शक्य आहे, त्यालाही संकोच न बाळगता सहभागी होता येते.

समाईक खात्याचा आणखी एक फायदा हिशेबांच्या बाबतीत होतो. एका वर्षी आमचे आठ संस्थात्मक देणगीदार होते आणि आठांनाही अहवाल वेगवेगळ्या नमुन्यात हवा होता. एकाला तिमाही, एकाला मासिक, एकाला छायाचित्रांसह. या छायाचित्रांविषयी मला एक विनंती कळकळीने करायची आहे. मदत घेणाऱ्या मुलाचा चेहरा देणगीची पावती म्हणून वापरला जाऊ नये. त्याच्या पालकांना नाही म्हणायचे असते, पण म्हणता येत नाही. सहा महिन्यांतून एकदा एका पानाचा अहवाल आणि वर्षातून एकदा लेखापरीक्षित ताळेबंद, एवढे सर्वांसाठी पुरेसे मानावे.

यात संस्थांचीही जबाबदारी आहे, आणि तिच्यात आम्ही चुकलो हे मी इथे कबूल करतो. ज्या कारखान्याची रक्कम दर ५ तारखेला येत होती, त्याला आम्ही सलग दोन वर्षे अहवाल पाठवला नाही. जे विचारत होते त्यांना पाठवत राहिलो; कारखान्याचे मालक विचारत नव्हते म्हणून त्यांना पाठवायचे राहून गेले. मी खजिनदारपद सोडताना त्यांना भेटून क्षमा मागितली. ते म्हणाले की त्यांच्या कामगारांपैकी एकाची भाची आमच्या केंद्रात येते, तिच्याकडून त्यांना केंद्राची खबर कळत असते. ही गोष्ट मला अकरा वर्षांत ठाऊक नव्हती. देणारा आणि घेणारा एकाच परिसरातले असले की कागदावर न येणारी अशी देखरेख आपोआप होत असते. स्थानिक संस्थेला द्यावे असे मी म्हणतो, त्यात याचाही वाटा आहे.

नियमित देणगीमुळे संस्था परावलंबी होतील, अशी शंका काही सभासद घेतील. एकाच देणगीदारावर संस्थेचे निम्म्याहून जास्त उत्पन्न अवलंबून असेल तर ती शंका खरी आहे, आणि म्हणूनच समाईक खात्यातून कोणत्याही संस्थेला तिच्या वार्षिक खर्चाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त रक्कम देऊ नये असा नियम करता येईल. परंतु पुढच्या महिन्याचा पगार कुठून येणार हे माहीत नसणे म्हणजे स्वावलंबन नव्हे. चौथ्या हिश्शाची खात्री मिळालेली संस्था उरलेले तीन हिस्से अधिक धीराने उभे करते, हे मी वहीच्या पानांवर पाहिले आहे.

आपल्या पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, अशी माझी विनंती आहे. सोयीसाठी ठरावाचा एक कच्चा मसुदा देत आहे. त्यात आपण हवा तसा बदल करावा.

"संघटनेच्या परिसरातील सेवाभावी संस्थांना नियमित साहाय्य करण्यासाठी पाच सभासदांची समिती नेमण्यात येत आहे. समितीने चार महिन्यांत संस्थांची पाहणी करून शिफारशींची यादी सभेपुढे ठेवावी. इच्छुक सभासदांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यावरून स्वतः ठरवलेली रक्कम दरमहा ५ तारखेपर्यंत संघटनेच्या समाईक खात्यात जमा करावी आणि तशी स्थायी सूचना आपल्या बँकेस द्यावी. हे साहाय्य किमान तीन वर्षे चालू राहील. त्यातील निदान अर्धी रक्कम संस्थांना विनाअट देण्यात येईल. साहाय्य बंद करावयाचे झाल्यास संस्थेस सहा महिने आधी लेखी कळवण्यात येईल."

आपला नम्र,
एका स्थानिक सेवाभावी संस्थेचा माजी खजिनदार